पाठीपर्यंत न पोहोचणारा हात
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून स्नानाविषयी बोलणारा वक्ता आपणांस थोडा विक्षिप्त वाटेल. परंतु काशीत तरी हा विषय अप्रस्तुत ठरू नये.

बदली होऊन मी येथे आलो तेव्हा मुलांच्या परीक्षांमुळे कुटुंब मागेच राहिले होते. त्या वर्षी नरकचतुर्दशीस पहाटे चारला उठून मी पाणी तापविले, तळहातावर तेल घेतले, आणि ध्यानात आले की आपल्या पाठीपर्यंत आपला हात पोहोचत नाही. पन्नाशीच्या माणसाचे डोळे त्या क्षणी भरून आले, हे सांगण्यास आज संकोच वाटत नाही.

पुढे ही गोष्ट दुर्गाघाटाकडील एका मराठी आजींच्या कानी गेली. दुसऱ्या वर्षीही मी एकटाच होतो. त्यांचा निरोप आला: "पहाटे इकडेच ये. साहेब असशील तो कचेरीत!" चौकात पाट मांडला होता, भोवती रांगोळी होती. आजींनी टाळूवर तेल थापले, त्यांच्या मुलाने पाठीला उटणे चोळले, नातवाने फुलबाजी पेटविली, सुनेने ओवाळले. कारीट मिळाले नव्हते. त्यावाचून काही अडले नाही. उत्तरेकडील पौर्णिमान्त गणनेने कार्तिक केव्हाच लागला होता, आपला मात्र आश्विनच चालू होता. पंचगंगेवर कार्तिकस्नानास निघालेल्या स्त्रियांची गाणी गल्लीतून ऐकू येत होती. याच काशीत शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ साली, कार्तिकी पौर्णिमेस नाथांचे भागवत पूर्ण झाले. त्या पहाटे मला हे गाव प्रथमच परके वाटले नाही.

दूरच्या फिनलंड देशात असाच एक स्नानसंस्कार आहे. सुमारे पंचावन्न लक्ष वस्तीच्या त्या देशात तीस लक्षांहून अधिक सौना, म्हणजे बाष्पस्नानाच्या खोल्या आहेत. तापलेल्या दगडांवर पाणी ओतून वाफ काढतात. भूर्जवृक्षाच्या कोवळ्या डहाळ्यांची जुडी अंगावर हलकेच मारतात. नाताळच्या आदल्या दिवशी सहकुटुंब सौना घेण्याची त्यांची रीत आहे. पूर्वी खेड्यांत बाळंतपणेही तेथेच होत आणि मृताला अखेरचे स्नानही तेथेच घालीत. आत शिरताना वस्त्रांबरोबर हुद्दाही बाहेर राहतो.

पुढे शहरांत घरोघरी सौना झाल्या आणि सार्वजनिक स्नानगृहे ओस पडू लागली. परंतु ते लोक स्वस्थ बसले नाहीत. १९३७ साली स्थापन झालेली त्यांची सौना संस्था ही परंपरा जपत आली आहे. हेलसिंकी शहरात २०१६ पासून 'सौना दिवस' साजरा होऊ लागला. त्या दिवशी एरवी खासगी असणारी स्नानगृहे अनोळखी माणसांसाठी उघडली जातात. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने या संस्कृतीस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

माझ्या धाकट्या मुलाने मध्यंतरी विचारले, "बाबा, गीझरचे गरम पाणी रोजच असते, मग आजच पहाटे चारला कशाला उठायचे?" तेव्हा मी निरुत्तर झालो होतो. आज उत्तर देतो. पाणी रोजचेच असते, बाळ. दुसऱ्याचा हात रोजचा नसतो.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केले, नाटके केली, हळदीकुंकवे केली. एकावन्नाव्या वर्षासाठी माझी एक विनंती आहे. हिंदू विश्वविद्यालयाच्या वसतिगृहांत मराठी मुले राहतात. बदलीवर आलेली एकटी माणसे भाड्याच्या खोल्यांत राहतात. येत्या नरकचतुर्दशीस आपल्यापैकी प्रत्येक घराने अशा एकाला तरी पहाटे बोलवावे. तेल आणि उटणे मंडळ देईल. हात आपण द्यावा. फराळाचे मी सांगावयास नको.

त्या आजी आज हयात नाहीत. त्यांच्या चौकातला तो पाट मात्र कोणीतरी पुन्हा मांडला पाहिजे. पहिला पाट माझ्या घरी मांडला जाईल, एवढे आश्वासन देऊन आपली रजा घेतो.