अकरा महिन्यांचा करार, सहा महिन्यांचा कोयता

आज बोलूया कंत्राटी कामावर, आणि सुरुवात आपल्या नंदुरबारपासून.

दिवाळी झाली की अक्कलकुवा, धडगाव, तळोद्याकडची माणसं ट्रकमध्ये बसून गुजरातला, बारडोलीच्या बाजूला ऊसतोडीला निघतात. पावसाळ्यात घरात पैसा नसतो, तेव्हाच मुकादम उचल देऊन जातो. नवरा-बायको मिळून एक कोयता, हिशोब टनावर. सीझनअखेर उचल फिटली तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम.

कोणी म्हणेल, टनावर पैसे म्हणजे काम जोरात होणार. होतंच! पण सहा महिन्यांनी जाणाऱ्या माणसाला नवं काही शिकवायला कोण खर्च करेल? दहाव्या वर्षीही हातात तोच कोयता. इकडे विहिरीला पाणी असलं तरी रब्बी पेरायला घरात माणूस नाही. सोबत नेलेल्या पोरांची शाळा मधेच सुटते. उसाच्या फडात वेग दिसतो, पण जिल्ह्याची कमावण्याची ताकद काही वाढत नाही.

हे मला कळलं लॅपटॉपसमोर. बीटेकनंतर माझी पहिली नोकरी ११ महिन्यांच्या करारावर होती. तिथला एक रिपोर्ट रोज ४० मिनिटं खायचा. दोन आठवडे बसलो असतो तर दुरुस्त झाला असता. नाही बसलो. म्हटलं, मार्चनंतर आपण कुठे इथे? कंपनीनेही मला ट्रेनिंग दिलं नाही, तिचाही हिशोब तोच. माझ्यानंतर आलेल्या मुलाचा पहिला महिना माझा कोड समजण्यातच गेला. मी साध्या नोट्सही लिहून ठेवल्या नव्हत्या. याची अजून लाज वाटते.

पण मी कधीही सोडून जाऊ शकत होतो. माझ्यावर उचल नव्हती.

परराज्यात मजूर नेणाऱ्या कंत्राटदाराने परवाना घ्यावा, प्रत्येक मजुराला फोटो लावलेलं पासबुक द्यावं, हे १९७९ च्या कायद्यातच लिहिलं होतं. तुमच्या घरातलं कोणी तोडीला जात असेल, तर विचारून बघा, असं पासबुक कधी हातात पडलं का?

आणि तोपर्यंत एक काम आपणच करू. मोबाईल आहे ना? उचल किती घेतली, रोज किती टन तोडले, ते घरच्यांना लिहून ठेवायला शिकवा. वजनाच्या पावतीचा फोटो काढायला सांगा. म्हणजे सीझनअखेर मुकादमासमोर बसताना हिशोबाची वही फक्त त्याच्याकडे नसेल.

चला, भेटू पुढच्या भागात.