पक्ष्याच्या पायातले कडे

शहापूर-मुरबाडच्या मुलखात भातकापणी आटोपून खळी सारवली जाऊ लागली की, तानसा व बारवी जलाशयांच्या ओलसर काठांवर शेपटी हालवीत फिरणारा धोबी पक्षी, उत्तरेकडील दीर्घ प्रवास संपवून, सालाबादप्रमाणे हजेरीस रुजू होतो. आणि तो उन्हाळ्यात परतल्यावर, आफ्रिकेहून येणारा चातक पावसाची वर्दी देतो. कवींनी चातकाला तहानलेला ठरविले, पण त्याच्या मुक्कामांची चौकशी मात्र केली नाही! ती चौकशी पक्ष्याच्या पायात घातलेल्या हलक्या, क्रमांकित धातूच्या कड्यावरून होते. अशी कडी घालण्याचे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९२७ साली आरंभिले, व १९५९ पासून पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींनी त्यास व्यापक रूप दिले. मृत पक्ष्याच्या पायात असे कडे आढळल्यास, क्रमांक, स्थळ व तारीख टिपून सोसायटीच्या मुंबई दप्तरी कळवावे.