दुखणं अंगावर काढू नका

(१९९५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



याच सभागृहात आपला निरोप समारंभ झाला तेव्हा आपण सगळे भविष्याविषयी बोललो होतो. आज तीस वर्षांनी मला गुडघे, पोटऱ्या आणि टाचा यांच्याविषयी बोलायला सांगितलंय. हेही प्रगतीचंच लक्षण मानूया.

आपल्या ग्रुपवर हल्ली सातारा हिल मॅरेथॉनचे आणि मुंबई मॅरेथॉनचे फोटो वाढलेत. त्याबरोबर रात्री अकराला येणारे प्रश्नही वाढलेत. "स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय आणि पोटरी धरलीय, रविवारी पळू का?" मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाली आहे. पाच वर्षं धावताना आणि फिजिओथेरपिस्टच्या टेबलावर पडल्या पडल्या जे कळलं, तेवढंच सांगते.

पूर्ण मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. तिची तयारी साधारण चार महिने चालते. सगळ्यात लांबची धाव, ३० ते ३२ किलोमीटरची, स्पर्धेच्या तीनएक आठवडे आधी येते. म्हणजे अंगात थकवा सगळ्यात जास्त साठलेला असतो नेमका तेव्हाच. बारीकसारीक दुखणी याच वेळी डोकं वर काढतात. त्यात मन हळवं झालेलं असतं, त्यामुळे साधा ठणकासुद्धा मोठा वाटतो.

आमच्या धंद्यात रिलीजच्या आधी कोड फ्रीझ असतो. नवीन काही जोडायचं नाही. सापडलेल्या बगपैकी कोणता रिलीज अडवणारा आहे आणि कोणता नाही, एवढंच बघायचं. शेवटचे दोन-तीन आठवडे तसेच असतात. शेवटच्या दहा दिवसांत केलेल्या जड सरावाची ताकद स्पर्धेपर्यंत अंगात येत नाही, थकवा मात्र येतो. उलट आठ-दहा दिवस कमी धावल्यानं चार महिन्यांची कमाई वाया जात नाही. म्हणून तर या काळात एकूण अंतर ४० ते ६० टक्क्यांनी कमी करतात. चुकलेला सराव नंतर भरून काढायचा नसतो, ही एक गोष्ट पटली की निम्मी भीती जाते.

आता वर्गवारी. पहिला प्रकार अवघडलेपणाचा. दोन्ही पाय सारखेच जड, दुखणं पसरट, दहा मिनिटं चाललं की मोकळं होतं. यात खुशाल हलकं धावावं. दुसरा प्रकार एकाच पायाचा. टाच, गुडघ्याची बाहेरची बाजू किंवा नडगी दुखते, पण चाल बदलत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नसतं. इथे अंतर कमी करावं, चढ-उतार आणि वेगाचा सराव बंद करावा, आणि फिजिओथेरपिस्टला दाखवावं. तिसरा प्रकार म्हणजे थांबा. हाडावर एका बोटानं दाखवता येईल अशी दुखरी जागा, धावताना वाढत जाणारी कळ, सूज, लंगडणं, रात्री झोपेत ठणका. हाडाला बारीक चीर असू शकते. ती सुरुवातीला एक्स-रेमध्ये दिसतेच असं नाही, एमआरआय लागू शकतो. इथे इच्छाशक्तीचा काही उपयोग नसतो.

माझंच उदाहरण देते. १९ जानेवारी २०२५ ला मुंबईत माझी पहिली पूर्ण मॅरेथॉन होती. २९ डिसेंबरला पुण्यात ३० किलोमीटर धावायचे होते. चोविसाव्या किलोमीटरला डाव्या नडगीची आतली बाजू दुखायला लागली. तिथेच थांबले आणि रिक्षानं घरी आले. फिजिओथेरपिस्टनं हाड दाबून पाहिलं, एका पायावर उड्या मारायला लावल्या. दुखरी जागा वीतभर पसरलेली होती, एका बिंदूवर नव्हती. ती म्हणाली, "स्नायूच्या जोडावरचा ताण दिसतोय. पण रात्री ठणकलं किंवा दुखणं एका जागी आलं, तर मुंबई विसरायची."

पाच दिवस धावणं बंद केलं. तरण तलावात कमरेला पट्टा बांधून पाण्यात पळायचे. जिन्याच्या पायरीवर टाचा वर-खाली करायचे. मग सपाट रस्त्यावर तीन किलोमीटर धावले आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहिली. मग पाच. शेवटच्या रविवारी फक्त दहा. आणि फ्रिजवर एक चिठ्ठी लावली, "गुरुवारी पाच किलोमीटरमध्ये लंगडले, तर मुंबईला फक्त टाळ्या वाजवायला जायचं." हे आधीच लिहून ठेवायचं, कारण ऐनवेळी आपलं मन आपल्याच बाजूनं वकिली करतं. वर्षभराची मेहनत होती, त्यामुळे त्या गुरुवारी बूट बांधताना हात थरथरत होते. पण चाल सरळ राहिली. स्पर्धेत पेडर रोडच्या चढावर नडगीनं आठवण करून दिली, एवढंच. ठरवलेल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं जास्त लागली, आणि दुसऱ्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी ऑफिसच्या पायऱ्या चढले.

दोन गोष्टी करू नका. एक, गोळी घेऊन धावू नका. वेदनाशामक गोळी दुखणं झाकते, बरं करत नाही. शिवाय घामानं पाणी कमी झालेल्या शरीरात आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांचा मूत्रपिंडावर भार येतो. दोन, शेवटच्या आठवड्यात नवे बूट, नवा व्यायाम किंवा जोरकस मालिश असले प्रयोग करू नका.

मैत्रिणींशी थोडं वेगळं बोलते. आपल्या आयांनी दुखणी अंगावर काढली आणि घरानं त्याला कौतुकानं सोशिकपणा म्हटलं. माझी आई दुखऱ्या गुडघ्यावर वर्षानुवर्षं तीन मजले चढत राहिली. कुणी विचारलं की म्हणायची, "होईल बरं." आपणही ताप अंगात घेऊन डबे भरतो. मॅरेथॉनमध्ये याच सवयीला पदक मिळतं, म्हणून ती जास्त धोक्याची. आपल्या वयात, रजोनिवृत्तीच्या आसपास, हाडांची घनता झपाट्यानं कमी होते. तेव्हा हाडाचं दुखणं कधीच किरकोळ समजू नका. हिमोग्लोबिन आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या. धावायला जिद्द लागते हे खरं, पण थांबायलाही तेवढीच लागते. आणि त्यासाठी कुणी टाळ्या वाजवत नाही, म्हणून आपण एकमेकींसाठी वाजवूया.

उद्या सकाळी सहाला यवतेश्वर घाटाच्या पायथ्याशी जमायचं ठरलंय. धावणाऱ्यांनी धावावं, चालणाऱ्यांनी चालावं. सर, बाई, तुम्हीही या, चहा वर आहे. ज्यांचं काही दुखतंय त्यांनीही जरूर यावं. फक्त दुखणं एका बोटानं दाखवता येतंय का, ते आज रात्री घरी पाहून ठेवा. येत असेल, तर उद्या गाडीनं वर या.