बाग पायी गाठता यावी



ठाण्यातला कचराळी तलाव.
सकाळची वेळ.
आजी-आजोबा काठाने फेऱ्या मारताहेत.
एक आजोबा दर फेरीनंतर त्याच बाकावर टेकतात.
कल्याणला काळा तलावाकाठीही हेच दृश्य.

पण इथे रोज येतं कोण?
ज्यांचं घर जवळ आहे, ते.

डोंबिवलीत जुन्या, तीन-चार मजली इमारती कितीतरी.
लिफ्ट नाही.
गुडघे दुखू लागले, की वरच्या मजल्यावरच्या आजी खाली उतरणंच सोडतात.
भाजीची पिशवी दोरीने वर ओढतात.
पाहून जीव तुटतो हो.

म्हणून सांगते,
ज्येष्ठांचं घर परवडणारं हवं,
आणि बाग पायी गाठता यावी.

२०२४ मध्ये महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने, ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी मार्गदर्शक तत्त्वं आणली.
दारं रुंद असावीत.
व्हीलचेअरसाठी उतार असावा.
न्हाणीघरात धरायला दांडा असावा.

फार चांगलं झालं.
पण असे प्रकल्प बहुधा महाग.
साध्या पेन्शनीत बसत नाहीत.
आणि फाटकाबाहेर रस्ता सुरू होतो.
उखडलेला पदपथ, भरधाव रिक्षा.

पुन्हा सांगते,
घर परवडावं,
बाग पायी गाठता यावी.

तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरतोय?
मग परिसराचा नकाशा मागून घ्या.
ज्येष्ठांसाठी छोटी, भाड्याची घरं त्यात बसतात का, विचारा.
मग दारापासून बागेतल्या बाकापर्यंत बोट फिरवा.
रस्ता कुठे ओलांडावा लागतो,
तिथे खूण करा.
ती खूण घेऊन पालिकेत जा.