कपाशीचे झाड मरते, तेव्हा आधी चिरून बघा



मी जन्मभर शाळामास्तर. पण घर शेतकऱ्याचे. म्हणून आज कपाशीच्या मर रोगाविषयी दोन शब्द सांगतो.

मी चौथीत होतो. आमच्या खानदेशातल्या काळ्या रानात देशी कपाशी होती. एका जागी झाडे पिवळी पडली, माना टाकल्या, वाळली. पुढल्या वर्षी तीच जागा, पण घेर मोठा. कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणाले, जमीन रुसली. वडील गप्प. दोन वर्षे घरात नवे कापड आले नाही.

मग शेतीखात्याचे एक साहेब आले. त्यांनी मरते झाड उपटले आणि विळ्याने उभे चिरले. आत लाकडात काळी-तपकिरी रेघ होती. साहेब म्हणाले, "ही बुरशी. ही मातीत राहते, मुळातून आत शिरते आणि पाण्याची वाट बंद करते. झाड तहानेने मरते."

वडिलांनी विचारले, "औषध काय?"

"मरत्या झाडाला औषध नाही. बी बदला."

जळगावच्या केंद्रातून निघालेल्या जरीला आणि विरनार या जाती मर रोगाला दाद देत नसत. असे बी निवडतात कसे? रोगट जमिनीतच पेरतात. जी झाडे तगतात, त्यांचेच बी पुढे धरतात. वडिलांनी विरनार पेरली. त्या जागी पुन्हा हिरवे दिसले.

आता अलीकडची गोष्ट. माझा एक जुना विद्यार्थी धावत आला. "गुरुजी, मर लागली हो! उधारीवर औषध आणलं, फवारलं, तरी झाडं माना टाकतात."

मी म्हटले, "चिरून बघितलंस का?"

"नाही, गुरुजी."

शेतात गेलो. झाड चिरले. आत पांढरे स्वच्छ! मुळेही चांगली. मग कळले की पंधरा दिवस पावसाने ताण दिला होता आणि नंतर एकदम धो धो पडला. सरीत पाणी साचले होते. मुळांचा श्वास कोंडला होता. ही आकस्मिक मर. हिच्यात बुरशी नसते. फवारणीचे पैसे फुकट गेले.

म्हणून हे ध्यानात ठेवा:

१. आत काळी रेघ दिसली, तर ती बुरशीची मर. ती मुख्यतः देशी कपाशीला लागते. अमेरिकन व संकरित कपाशीला आपल्याकडे सहसा लागत नाही. रोगट झाडे मुळासकट उपटून जाळा. उकिरड्यात टाकू नका. त्या शेताचे बी धरू नका. तिथे ज्वारीसारखे पीक फिरवा. बुरशी मातीत वर्षानुवर्षे जगते, म्हणून पुन्हा कपाशी लावताना रोगाला दाद न देणारी जातच घ्या.

२. झाड सहज उपटून आले, मुळाची साल कुजून सुटली, तर ती मूळकुज. ती कोणत्याही कपाशीला लागते.

३. मूळ चांगले, आत पांढरे, आणि ताणानंतर पाणी साचलेले, तर ती आकस्मिक मर. चर काढून पाणी आधी बाहेर काढा. मग १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम युरिया, १०० ग्रॅम पांढरा पोटॅश आणि २५ ग्रॅम कॉपर ऑक्सिक्लोराईड मिसळा. दर झाडाच्या बुडाशी १५० मिलिलिटर ओता. बुडाची माती पायाने दाबा. हे एक-दोन दिवसांत करा. उशीर झाला तर झाड हातचे जाते.

त्या मुलाने त्याच दिवशी चर काढले. बरीच झाडे उभी राहिली. उधारी मात्र त्याला फेडावीच लागली.

तुम्ही आता अक्षर वाचायला शिकलात. झाडही तसेच वाचा. दुकानाची पायरी चढण्याआधी विळा हातात घ्या, एक झाड चिरा आणि आत काय लिहिले आहे ते बघा. मगच पैसा काढा.