हिंवाळा आणि मनाचा काळोख



हिंवाळा हा शब्द कानीं पडतांच आपल्या महाराष्ट्रीय मनापुढें जें चित्र उभें राहतें, तें सुखाचें असतें. सकाळचें कोंवळें ऊन, शेतांतला हुरडा, डिंकाचे लाडू, संक्रांतीचा तिळगूळ! या दिवसांत भूक वाढते, अन्न अंगीं लागतें आणि थकलेलें शरीर पुन्हां ताजेंतवानें होतें. तेव्हां याच ऋतूंत एखाद्या माणसाचें मन दरवर्षीं नेमानें खचतें, असें कोणी सांगितलें, तर तें आपणांस सहसा पटत नाहीं.

परंतु आज आपल्यापैकीं पुष्कळांचीं मुलें, सुना, नातवंडें लंडन, टोरोंटो, स्टॉकहोम अशा उत्तरेकडील नगरांत राहत आहेत. नोव्हेंबर आला कीं त्यांच्यापैकीं कोणाकोणाच्या बोलण्यांतला उत्साह मावळूं लागतो. सकाळीं उठवत नाहीं, कामांत लक्ष लागत नाहीं, कोणास भेटावेंसें वाटत नाहीं, असें तीं सांगतात. आपण इकडून म्हणतों, ‘आळस झटक, ऊबदार कपडे घाल.’ हा उपदेश प्रेमाचा खरा. पण तो नेमका चुकीच्या जागीं पडतो. कारण हा अपराध थंडीचा नसून उजेडाच्या दुष्काळाचा आहे.

भूगोलाचा साधा हिशेब पाहूं. वर्षांतील सर्वांत लहान दिवस मुंबईस सुमारें ११ तासांचा असतो. लंडनमध्यें तोच ८ तासांहूनहि कमी, स्टॉकहोममध्यें जेमतेम ६ तासांचा. नॉर्वेंतील ट्रॉम्सो नगरांत तर नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाहीं. त्याच देशांत र्युकान नांवाचें एक गांव खोल दरींत वसलेलें आहे. डोंगरांच्या सांवलीमुळें वर्षांतील सुमारें सहा महिने त्यास ऊन दिसत नाहीं. म्हणून २०१३ सालीं तेथें डोंगरावर तीन प्रचंड आरसे बसविण्यांत आले, आणि गांवच्या चौकांत परावर्तित ऊन उतरलें. उन्हाची भूक ही केवळ कविकल्पना नव्हे, हें यावरून ध्यानांत येईल.

या विकाराचें शास्त्रीय वर्णन प्रथम १९८४ सालीं प्रसिद्ध झालें. तें करणारे डॉक्टर नॉर्मन रोझेंथाल हे मूळचे दक्षिण आफ्रिकेचे. जोहान्सबर्गच्या लख्ख उन्हांतून १९७६ सालीं ते न्यूयॉर्कला आले, आणि हिंवाळ्यांत आपली उमेद ओसरते, वसंतांत परत येते, हें त्यांना स्वतःच्याच ठिकाणीं जाणवलें. पुढें अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत काम करीत असतांना त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा २९ रुग्णांचा अभ्यास मांडला. दक्षिण गोलार्धांत हेंच चक्र जून-जुलैच्या सुमारास फिरतें, हें ओघानेंच आलें.

आतां हा विकार ओळखावा कसा? सामान्य खिन्नतेंत पुष्कळदां झोंप उडते आणि अन्नावरची वासना जाते. येथें बहुधा उलट घडतें. झोंप वाढते, आणि ती कितीहि झाली तरी थकवा जात नाहीं. गोड व पिष्टमय पदार्थांची हांव सुटते, वजन वाढतें, अंग जड होतें आणि माणूस चारचौघांतून अंग काढून घेऊं लागतो. मुख्य खूण म्हणजे वेळापत्रक. ही अवस्था निदान दोन वर्षें लागोपाठ ठराविक ऋतूंत यावी आणि ऋतु पालटतांच निघून जावी, तेव्हांच वैद्य हें निदान करतात. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. उलटपक्षीं, मुंबई-पुण्यास एखादें माणूस डिसेंबरांत खिन्न झालें, तर त्याचें खापर घाईनें ऋतूवर फोडूं नये. तेथें अन्य कारणें शोधलीं पाहिजेत.

याचें कारण शरीरांतील घड्याळांत आहे. डोळ्यांत शिरणारा प्रकाश केवळ पाहण्यासाठीं नसतो. तो मेंदूंतील एका केंद्रास दिवस उगवल्याची वर्दी देतो. काळोख पडला कीं मेंदूंतील एक लहानशी ग्रंथि मेलाटोनिन नांवाचें द्रव्य स्रवूं लागते. प्रखर प्रकाशानें मनुष्याच्या शरीरांतील हा स्राव थांबतो, हें १९८० सालीं प्रयोगानें सिद्ध झालें. पहाट लांबली कीं कित्येकांचें हें घड्याळ मागें पडतें. बाहेर कचेरीची वेळ झालेली असते आणि शरीरांत अद्याप रात्रच असते.

म्हणूनच पहिला उपचार उजेडाचाच. घरांतील दिव्यांचा प्रकाश सामान्यतः कांहींशें लक्स इतकाच असतो. ढगाळ दिवशींहि बाहेर त्याच्या कित्येक पट मिळतो. उपचारासाठीं १०,००० लक्सचा, अतिनील किरण गाळणारा खास दिवा मिळतो. सकाळीं उठल्यावर लवकरच त्याच्यासमोर सुमारें अर्धा तास बसावें. दिव्याकडे टक लावून पाहूं नये, वाचन किंवा न्याहारी करावी. गुण पुष्कळदां एकदोन आठवड्यांत दिसूं लागतो. मात्र ज्यांस नेत्रपटलाचा विकार आहे, किंवा ज्यांचें मन कधीं अतिखिन्न तर कधीं अतिउत्तेजित होतें, त्यांनीं वैद्याच्या सल्ल्यावांचून हा प्रयोग करूं नये. दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांत उन्माद उद्भवण्याचा धोका असतो.

दुसरा उपचार विचारांना वळण लावण्याचा. व्हरमाँट विद्यापीठांतील केली रोहन यांनीं १७७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासांत ताबडतोबीचा गुण दोन्ही उपचारांनीं सारखाच आला; पण दोन हिंवाळ्यांनंतर विकार उलटण्याचें प्रमाण प्रकाश घेणाऱ्यांत सुमारें ४६ टक्के, तर मानसोपचार घेतलेल्यांत २७ टक्के आढळलें. गरज पडल्यास औषधेंहि आहेत. तीं अर्थातच वैद्यानेंच ठरवावयाचीं.

कोणी म्हणेल, वसंत आला कीं आपोआप बरें होणाऱ्या दुखण्याचा एवढा बाऊ कशाला? पण वर्षांतील चारपांच महिने असे गेले, तर आयुष्याचा तिसरा हिस्सा अंधारांत गेला! तेवढ्यांत नोकरी जाते, अभ्यास बुडतो, संसारांत वितुष्ट येतें. आणि जगणें नकोसें झाल्याची भाषा रुग्णाच्या तोंडीं आली, तर ऋतु पालटण्याची वाट न पाहतां त्याच दिवशीं वैद्याची मदत घेतली पाहिजे.

घरच्यांना दूर राहूनहि पुष्कळ करतां येतें. यंदाच्या हिंवाळ्यांत मुलीचा आवाज खोल गेलेला वाटला, तर ‘काय झालें?’ एवढ्यावरच थांबूं नका. ‘गेल्या वर्षींहि याच दिवसांत असें होत होतें का?’ असें विचारा. उत्तर होकारार्थी आलें, तर तिला वैद्याकडे जाण्यास सांगा, दुपारच्या सुटींत बाहेर फेरी मारण्याची आठवण द्या, आणि पुढील वर्षीं सप्टेंबरांतच तयारी करावयास लावा. तिला आळशी मात्र म्हणूं नका. डिंकाचे लाडू अवश्य पाठवा. पण त्यांच्याबरोबर हें ज्ञानहि पाठवा.