बाळासह पहिला प्रवास

तान्ह्या बाळाला घेऊन मुंबईहून पहिल्यांदा कोकणात निघताय? मग शक्यतो रेल्वेनंच जा. घाटातली वळणं टळतात, दूध पाजायला निवांत बसता येतं. पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण वेगळी बर्थही मिळत नाही; म्हणून आईसाठी खालचीच बर्थ मागा. अंगावर पिणाऱ्या बाळाला सहा महिन्यांपर्यंत, कितीही उकडलं तरी, वरचं पाणी नको. पाजणं तेवढं वाढवा. लसीकरणाचं कार्ड सोबत ठेवा. आणि अगदी मनापासून सांगते, मुक्काम एकाच गावी करा. गणपतीपुळे, मालवण, तारकर्ली एका फेरीत उरकायला गेलात, तर बाळाची झोप मोडते, आईचीही. समुद्रावर ऊन कलल्यावरच न्या.